मी फक्त बंद कर म्हणालो होतो

...आणि वर मलाच विचारतं, 'तुम्हाला नक्की खात्री आहे का?' अरे, खात्री नसती तर मी सकाळपासून चष्मा कपाळावर चढवून इथे कशाला बसलो असतो? तुम्हाला सांगतो, लग्न केलं, नोकरी सोडली, वरची दाढ काढली, यातल्या एकाही वेळी मला कोणी खात्री आहे का म्हणून विचारलं नाही, आणि कॉम्प्युटरवरचा एक फडतूस मेसेंजर बंद करायचा तर तीन-तीनदा चौकशी. मी काय जगावेगळं मागत होतो? मी फक्त बंद कर म्हणालो होतो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी घरी बसून पुस्तकांच्या सूच्या करतो. म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात यादी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची, जी तुम्ही जन्मात कधी उघडून बघितली नसेल... ती. कोणीच बघत नाही. तरी कोणीतरी ती करावी लागते आणि तो कोणीतरी मी. तर तेव्हा माझ्याकडे मूत्रपिंडाच्या विकारांवरचं सातशे पानी पुस्तक होतं. हे काम कसं असतं, की आकडे डोक्यात धरून ठेवायचे. 'मूतखडा : ११२, ११८, २०३...' आणि टुंग. कोपऱ्यात चौकट वर. 'तुमच्या मेव्हण्याने तुम्हाला अंगठा पाठवला आहे.' अंगठा. का? कशाबद्दल? मी केलं काय होतं? दोनशे तीनच्या पुढचा आकडा गेला डोक्यातून, आता बसा पान शोधत.

हा सगळा उपद्व्याप त्या मेव्हण्याचाच. बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस कोणाच्याही घरी गेला की पाच मिनिटांत एकतर फ्रिज उघडतो, नाहीतर कॉम्प्युटर. महिन्यापूर्वी आला, सरळ माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणतो, 'काय हो भावजी, एवढं चांगलं मशीन आणि मेसेंजर नाही? जगाशी संपर्क नको?' मी म्हटलं, नको. त्याला वाटलं मी विनोद केला. हसत हसत त्याने तो बसवला, आणि त्या मेसेंजरने मला न विचारता माझ्या पत्त्यांच्या यादीतले दोनशे बारा लोक उचलून 'तुमचे मित्र' म्हणून मांडले. दोनशे बारा. मला आयुष्यात दोन मित्र मिळाले, त्यातला एक परगावी गेला. या दोनशे बारात माझे दातांचे डॉक्टर, गिझर दुरुस्त करणारा, आणि एक बाई अशी की ती कोण हे मला आजही ठाऊक नाही, ती रोज सकाळी मला गुलाब पाठवायची आणि खाली लिहायची, 'हसत राहा.' का हसू? मूतखड्यावर?

फुली दाबली. गेला? छे. पडद्यावरच्या घड्याळाशेजारी जाऊन दबा धरून बसला. मशीन बंद करून परत चालू केलं, तर माझ्याआधी हा उठून तयार. मग सेटिंग्जमध्ये गेलो. तिथे आवाज बदलता येतो. टुंगऐवजी बेडूक ठेवा, घंटा ठेवा, तान्ह्या बाळाचं हसणं ठेवा. चौकटीचा रंग बदला, गोल करा, लांबट करा. सगळं करता येतं, बंद तेवढं करता येत नाही. मला बेडूक नको होता हो. मी फक्त बंद कर म्हणालो होतो.

शेवटी मदतकेंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली, आवाज असा की साखरेचा पाक.

'सर, बंद करण्याचं कारण कळू शकेल का?'

म्हटलं, 'मला नको आहे.'

'नको असण्याचं कारण कळू शकेल का, सर?'

म्हटलं, 'मूत्रपिंड.'

'अरेरे. काळजी घ्या, सर.'

आता हिला काय समजावणार? मग म्हणाली, 'बंद असं होत नाही, सर. खातंच काढून टाकावं लागतं.' म्हटलं काढा. तर म्हणे, 'ते तुम्हालाच काढावं लागेल, सर, आम्हाला तशी परवानगी नाही. अजून काही मदत करू शकते का?' अजून? आधीची कुठली?

बसलो खातं काढायला. पहिल्या पानावर एक पाकिटाचं चित्र, त्याला डोळे, डोळ्यांत पाणी. 'आम्हाला सोडून चाललात?' होय दाबलं. दुसऱ्या पानावर कारणांची यादी. 'मला मित्र कमी आहेत.' 'मला वापरता येत नाही.' 'मी लवकरच परत येणार आहे.' 'नको आहे' हे कारणच नाही, म्हणजे एखाद्याला ही वस्तू नको असू शकते हे त्यांच्या सात पिढ्यांच्या मनाला शिवलेलं नाही. होय दाबलं. खात्री आहे का? होय. नक्की? होय. शेवटी एक लांबलचक पान आलं, आणि तुम्हाला सांगतो, सातशे पानांतला चुकलेला अनुस्वार ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्या शहाण्याने ते पान न वाचता होय दाबलं.

काय होतं त्या पानावर? 'तुमच्या वतीने सर्व मित्रांना निरोप पाठवू का?' आणि पुढे बरोबरची खूण आधीच मारून ठेवलेली. निरोप असा : 'मी आता निघतो आहे. आजवरच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. यापुढे आपली भेट होणार नाही.' खाली माझं नाव. दोनशे बारा माणसांना. आणि मी इकडे काय करतोय? शांतता झाली म्हणून खुशीत आहे.

पहिला फोन प्रकाशकाचा.

'तुमचा निरोप वाचला. फार वाईट वाटलं हो. सूची कुठवर आलीय?'

म्हटलं, 'म.'

'म... म्हणजे जायच्या आधी ह पर्यंत होईल ना?'

याला म्हणतात माणुसकी. मी काही विचारायच्या आत दुसरा फोन, तिसरा फोन, दातांचे डॉक्टर म्हणतात, 'सहन होत नव्हतं तर आधी यायचं होतंत.' तेवढ्यात दार उघडून बायको आत. ती ग्रंथालयात काम करते, तिथून अर्धा रस्ता पळत आलेली, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर गेलेलं. मला खुर्चीत धडधाकट बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली.

'एवढं मनात होतं तर मला सांगायचं होतंत.'

'अगं, मी फक्त मेसेंजर बंद कर म्हणालो होतो.'

ती पुढे आली, माझ्या दंडाला धरून खाली बसली आणि बराच वेळ दंड सोडला नाही. पाठोपाठ मेव्हणा, घामाघूम, पडद्यावर बघून म्हणतो, 'भावजी, ही खूण काढायची असते.' आता सांगतोय.

आणि मग परत बेल. दार उघडलं तर दादा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. चार वर्षं बोलत नव्हता माझ्याशी. कारण? त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. मजकूर त्याने स्वतः लिहिलेला, पहिली पत्रिका मला पाठवलेली, आणि मी काय केलं? शुद्धलेखनाच्या अकरा चुका तांबड्या शाईने काढल्या, वर लिहिलं 'दुरुस्त करून छापावे' आणि पत्रिका टपालाने परत पाठवली. त्या छापून, वाटून झालेल्या होत्या. लग्नाला गेलो तर हा माझ्याकडे पाठ करून उभा. तोही त्या दोनशे बारात होता, यादीतूनच उचललेला, मला पत्ताही नव्हता.

तर दारात दादा. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात वहिनीची.

'आहेस.'

'आहे.'

'बरं.'

आत येऊन बसला. बायकोने पाणी दिलं, ते एका दमात प्यायला, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, 'रोज सातला लागायचा.'

'काय?'

'ठिपका. तू मशीन सुरू केलंस की तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. तो लागला की मी चहा घेतो. आज साडेदहाला विझला आणि हे पत्र आलं.'

म्हटलं, 'दादा, महिनाभर बघत होतास, तर एक ओळ लिहायचीस ना.'

'तुला?' म्हणाला. 'तू परत पाठवली असतीस. चुका काढून.'



जाताना त्याने वहिनीची चप्पल पिशवीत घातली आणि माझी घालून गेला. मेव्हण्याने खातं परत चालू केलं. हो, मीच सांगितलं, बघू नका असे माझ्याकडे. टुंग चालू, अंगठे चालू, ती बाई परत हसत राहा म्हणतेय. दादा काही लिहीत नाही. मीही लिहीत नाही. मूत्रपिंड ज्ञ पर्यंत पोचून छापायला गेलं, सध्या हाती काम नाही, तरी रोज सातला उठून मशीन लावतो आणि त्या मेसेंजरला शिव्या घालत बसतो. परवा रविवारी जरा डोळा लागला, दहा मिनिटं उशीर झाला, तर फोन. दादाचा.

'गार होतोय,' म्हणाला, आणि ठेवला.

उठलो. करतो काय.