जाहीरनाम्याचा शेवट

(लिंकनशायर परगण्यातलं एका न्यायाधीशाचं घर. ॲम्ब्रोझ नुकताच कचेरीतून आला आहे. त्याची विधवा बहीण पर्नेल प्रवासाचा झगा घालून उभी आहे.)

पर्नेल : राजाच्या मंडळाचं पत्र पानगळीत आलं होतं, ॲम्ब्रोझ. आता ईस्टर झाला, मेंढ्या व्यायला लागल्या. त्या पत्राला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.

ॲम्ब्रोझ : टोपी तरी काढू दे. सकाळपासून बसून पाठ धरली आहे.

पर्नेल : बसलेलं पाहिलं तुला. लोहाराच्या बायकोशेजारी उभी होते मी.

ॲम्ब्रोझ : तू कचेरीत आली होतीस?

पर्नेल : राजाचा जाहीरनामा ऐकायला. दर तिमाहीला तूच वाचतोस, मला पाठ झालाय. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने न्यायाधीशाकडे जावं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जावं. पुढे काय आहे?

ॲम्ब्रोझ : घसा बसला होता माझा.

पर्नेल : पुढे असं आहे, की तिथेही दाद लागली नाही तर थेट राजाकडे जाऊन त्या न्यायाधीशाचीच तक्रार करावी. नेमकं तेवढंच गिळलंस आणि कागदाची गुंडाळी केलीस. लोहाराची बायको म्हणाली, आज बरं लवकर आटपलं.

ॲम्ब्रोझ : दारात सर पिअर्सची माणसं उभी होती, पर्नेल.

पर्नेल : छातीवर काळ्या बगळ्याचा बिल्ला लावून. त्याच बिल्ल्यांनी नाताळात माझं दार फोडलं. आता माझ्या नवऱ्याच्या पलंगावर बुटांसकट झोपतात. आणि तुझ्यापुढे खटला आला तेव्हा पंच म्हणाले, बाईने घर आपखुशीने सोडलं. आपखुशीने, बर्फातून, अनवाणी.

ॲम्ब्रोझ : पंच निवडतो तो शेरीफ. शेरीफ सर पिअर्सचा मेहुणा. निकाल त्यांनी दिला, मी फक्त—

पर्नेल : मान डोलावलीस. मंडळाने तुला एवढंच विचारलं होतं, की तुमच्या परगण्यात कायदा मोडून पदरी बिल्लेवाले कोण बाळगतो. शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा एक ओळ लिहिली असतीस तर माझं घर वाचलं असतं.

ॲम्ब्रोझ : लिहायला बसलो होतो. खूपदा बसलो.

पर्नेल : आणि लिहायचं सोडून कायद्याचं पुस्तक उघडलंस. पदरी बिल्लेवाले बाळगायला बंदी करणारा कायदा पार्लमेंटपुढे आला तेव्हा तू तिथे होतास ना? गावाने पाठवलं होतं तुला. घरी येऊन जेवताना सांगत होतास, आता बड्यांची टोळकी संपली. मी तेव्हा तुला आणखी एक पाय वाढला बदकाचा.

ॲम्ब्रोझ : वेस्टमिन्स्टरला होकार देणं सोपं असतं. सगळेच देत असतात. इथे एकट्याने द्यावा लागतो.

पर्नेल : म्हणूनच तर तुला नेमलं. या परगण्यात राजाची फौज नाही, पगारी माणूस नाही. त्याच्याकडे तू आहेस.

ॲम्ब्रोझ : बिचारा राजा.

पर्नेल : विनोद करू नकोस. माझ्या अंगाची आग होते आहे. वॉटला घोडे तयार ठेवायला सांगितलंय. मी वेस्टमिन्स्टरला निघाले, राजाकडे. तक्रार फादरकडून लिहून घेतली आहे. तुझ्यावर.

ॲम्ब्रोझ : काय लिहिलंय?

पर्नेल : न्यायाधीशाने लाच खाल्ली.

ॲम्ब्रोझ : लाच? पर्नेल, मी आजवर कुणाची कोंबडीसुद्धा घेतली नाही. तुला ठाऊक आहे.

पर्नेल : ठाऊक आहे. पण फादरांनी विचारलं, न्यायाधीश गप्प का बसला? माझा भाऊ घाबरतो, असं सांगायची मला लाज वाटली.

(ॲम्ब्रोझ टोपी काढून मेजावर ठेवतो.)

पर्नेल : बोल की. की पुन्हा घसा बसला?

ॲम्ब्रोझ : झगा काढ. तो कागद चुलीत टाक. खोटा आहे. मी लिहितो.

पर्नेल : असं पानगळीतही म्हणाला होतास.

ॲम्ब्रोझ : मग समोर उभी राहा. मी वाचत वाचत लिहितो, मोठ्याने. सर पिअर्स कायद्याविरुद्ध आपल्या बिल्ल्याची माणसं बाळगतो. शेरीफ त्याचा मेहुणा असून पंच त्याच्या मर्जीचे निवडतो. त्या माणसांनी एका विधवेला घरातून हाकललं. ती माझी बहीण आहे. आणि पंचांचा निकाल खोटा आहे हे माहीत असून मी भीतीने मान डोलावली.

पर्नेल : शेवटचं वाक्य खोड. राजा तुझं पद काढून घेईल.

ॲम्ब्रोझ : घेऊ दे. ते खोडलं तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील? मोहोर लावायला मेण दे इकडे. वॉट, आत ये.

वॉट : घोडे तयार आहेत, मालक. बाईसाहेबांचा मऊ खोगीर घातलंय.

ॲम्ब्रोझ : बाईसाहेब जात नाहीत. तू जा. हे मंडळाच्या लेखनिकाच्याच हातात द्यायचं. पुलावरून जाऊ नकोस, तिथे बगळेवाले बसलेले असतात. दलदलीच्या कडेने जा.

वॉट : कुणी अडवलं तर कुणाचं काम सांगू? तुमचं नाव घेऊ नये, असं मागे म्हणाला होतात.

ॲम्ब्रोझ : राजाचं काम आहे. आणि माझं नाव घे.

वॉट : बरं, मालक. येतो.

पर्नेल : वळला कुंपणापलीकडे. आता परत नाही बोलावता येणार त्याला.

ॲम्ब्रोझ : रविवारी चर्चमध्ये माझी जागा सर पिअर्सच्या शेजारी आहे.

पर्नेल : माहीत आहे. मध्ये मी बसेन.