दाढ काढायची, नाही

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांनी काउंटरवरच्या दोघींचं बोलणं ऐकून कान टवकारले.

"ताई, आपल्या प्रोग्रॅममधून पेशंटची यादी एक्सेलमध्ये घेतली, तर वाक्यंच तुटली."

"डॉक्टर जिथे तिथे स्वल्पविराम देतात ना! त्याच्या पुढचं शेजारच्या रकान्यात जातं."

"तिथे नुसतंच 'नाही' होतं. कचरा समजून मी अख्खा रकाना पुसला."

"अगं बया! 'दाढ काढायची, नाही' असं लिहितात ते!"

"तरीच म्हटलं, आज सगळ्यांच्याच दाढा कशा काढायच्या!"

"यादी आत दिलीस?"

"केव्हाच. पक्कडही उकळून झाली. पहिला नंबर मास्तरांचा."

मास्तर एव्हाना दारात चपला घालत होते.

"माझी दाढ काढायची, नाही," ते म्हणाले. "आणि एवढं 'नाही' तरी पुसू नका, बाई."