सातव्या चेंबरचा व्हॉल्व्ह

— हो हो, स्तामेन काका, पाठ आहे मला: सातव्या चेंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, त्याला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी याच टेबलावर, फोरमन म्हणून, सांगितलंत आणि मी, पदवी घेऊन आलेली इंजिनीअर रालित्सा, शाळकरी पोरीसारखं लिहून घेतलं. नको, बानित्साचा तुकडा नको, खाणं नंतर, आधी ऐका. शहरभर घरं गरम ठेवणाऱ्या पाण्याचं अख्खं जाळं मी कॉम्प्युटरवर मांडलं — कुठल्या पाइपात किती पाणी, कुठं किती दाब — सगळं जुळलं, टेकडीवरच्या सहा इमारती सोडून. कॉम्प्युटर म्हणे, तिथं पाणी कढत पोचतंय. आणि तिथं त्सोन्का मावशी कोट घालून स्वयंपाकघरात झोपतेय! मग मी काय केलं? तुम्हाला विचारलं? छे, नियम ना! पाइप आतून गंजलाय असं मॉडेलमध्ये घातलं. थोडा गंज. जुळेना. आणखी गंज. दोन हिवाळे बसल्या जागी गंज चढवत गेले — शेवटी आकडे जुळले, तुम्ही पाठ थोपटलीत, आणि मला — मला बरं वाटलं. हो, वाटलं.

आता त्याच गंजाच्या जोरावर हा कागद: पाइप निकामी, सहाही इमारती जाळ्यातून तोडा, खाली माझी सही. हसू नका, कोस्तादिनोव साहेब, तुम्ही मुख्य इंजिनीअर, तुम्ही कधी उतरलात त्या चेंबरमध्ये? मी उतरले, मंगळवारी, टॉर्च आणि पक्कड घेऊन. चाकाला तार, तारेला शिशाचं सील, सीलवर तुमचा शिक्का, स्तामेन काका. तार तोडली, चाक फिरवलं — आठ फेरे! आठ फेरे बंद होता तुमचा पूर्ण उघडा व्हॉल्व्ह! आणि त्याच्या अलीकडची पहिली इमारत कुणाची? तुमची, जिथं जानेवारीत घरातल्या उकाड्यानं तुम्ही बनियनवर बाल्कनीत उभे असता. व्हॉल्व्ह बंद केलात तेव्हा नात तान्ही होती, आजारी होती — माहीत आहे, काकूंनी सांगितलं. काका, तिचं लग्न झालं गेल्या वर्षी! मी आले होते ना, नाचले होते.

मी तो उघडाच ठेवलाय. काल त्सोन्का मावशीनं कोट खुंटीला लावला. आणि तुमच्या बाल्कनीचं दार कालपासून बंद आहे, पाहिलं मी. पेन ठेवा खाली, साहेब. सही नाही करणार. आज नाही, उद्या नाही. कामावरून काढून टाका हवं तर.