वरच्या ओळीतली सही

प्वेब्लो शहरातल्या टायर दुकानात मर्लीनबाई गाडीची वाट बघत होत्या. शेजारी रस्ते बांधणारे दोन कंत्राटदार बोलत बसले होते.

“क्लेटन, संघटनेच्या फंडात तुझे पैसे आले नाहीत अजून.”

“कसला फंड, व्हर्नन?”

“अरे, गाड्यांवरचा कर कमी करायचा ठराव नोव्हेंबरात मतदानाला येतोय. तो पाडायला जाहिराती नकोत? कर गेला की रस्ते गेले. मग बसू दोघं माशा मारत.”

“लोकांना मात्र कर कमी झालेला हवाच असणार.”

“लोकांचं सोड. ठराव मतदानाला यावा म्हणून सह्या ठोकणाऱ्यांनी अक्कल काय गहाण ठेवली होती?”

“मी पण केलीय सही.”

“तू? डांबरावर पोट भरणारा माणूस तू!”

“सुपरमार्केटच्या दारात एक पोरगी कागद घेऊन भर उन्हात उभी होती.”

“म्हणून न वाचता सही?”

“वाचणारच होतो. पण वरच्याच ओळीत तुझी सही दिसली. म्हटलं, संघटनेच्या अध्यक्षानं वाचलं असेल.”

मर्लीनबाईंनी मासिकाचं पान उलटलं.

“पिशवीत आइस्क्रीम वितळत होतं रे माझं, क्लेटन.”