व्होल्टेजच म्हणा

हो हो जयदीपभाऊ, व्होल्टेजच — बरोबर ओळखलंत, कॉम्प्युटरचा डबा उघडायच्या आधीच ओळखलंत, मला तर हायसंच वाटलं. लाइट गेली, आली, पुन्हा गेली, अन् जुना कॉम्प्युटर बसला तो बसलाच. पण ह्या नव्याचं काय? पुन्हा निळी स्क्रीन? सकाळपासून हेच — ते गोल गोल फिरतं, निळं होतं, पुन्हा पहिल्यापासून. बॅकअप तर मी दर शनिवारी घेते, अख्ख्या डिस्कचा, तो वाया गेला का काय? — बॅकअप चांगला हाय? मग? अच्छा, आतलं विंडोज जुन्या कॉम्प्युटरच्या सवयीचं, नव्याची डिस्क कशी वाचायची तेच त्याला ठाऊक न्हाई, म्हणून ते शिकवणारा ड्रायव्हर आधी द्यायचा. द्या की मग! नवीन विंडोज तेवढं टाकू नका — मशिनीचे प्रोग्रॅम बनवायचं आमचं सॉफ्टवेअर ज्यानं दिलं त्यानं धंदाच बंद केला, पुन्हा टाकायला सीडी न्हाई, काही न्हाई. हे संध्याकाळी चाकणहून यायच्या आत मशीन फिरायला पाहिजे, न्हाईतर हे विचारत बसणार, कसं गेलं, का गेलं. मी तर पाणी पुसलं तसं लगेच — पाणी? पाणी म्हणाले मी?

बरं. जुना उघडलात तेव्हा तुमच्या हाताला चिकट लागलंच असेल. नारळाचं हाय. आबांनी, माझ्या सासऱ्यांनी. परवा खंडेनवमी झाली ना, सगळ्या मशिनींना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा — ह्या शेडखाली त्यांचंच कांद्याचं वावर होतं, तेव्हा नांगर पुजायचे, आता मशिनी. दरवर्षी मोठ्या मशिनीपुढं नारळ फोडतात, तर यंदा म्हणाले, आमची पूनम दिवसभर ज्याच्यापुढं बसते त्याला कसं विसरायचं? अन् फोडून पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, वरच्या जाळीतून धारच गेली आत! आता सांगा, ओरडू कुणावर? मीच म्हणाले, आबा, व्होल्टेज गेलं वाटतं. ते म्हणाले, व्हय, व्होल्टेजच. मागं एकदा चालू मशिनीचं दार उघडलं आबांनी, तेव्हा हे म्हणाले होते — आबा, पुन्हा असं झालं तर शेडमध्ये यायचं न्हाई. आता ह्यांना हे कळलं तर? मला खरंच भीती वाटते. घरी टीव्हीपुढं बसवलं ना, तर तो माणूस वर्षभर टिकायचा न्हाई.

आलं! आलं की! माझे सगळे फोल्डर — पण अक्षरं केवढाली दिसतात ही! अन् नेट? मशिनीला प्रोग्रॅम जातो ती केबल तर लावलीये. त्याचाबी ड्रायव्हर न्हाई? तो कुठून आणायचा — नेटवरून? नेट चालू करायला ड्रायव्हर, अन् ड्रायव्हर आणायला नेट? काय डोक्याला ताप राव हा! माझा मोबाइल वायरनं जोडून? घ्या, घ्या, आधी का न्हाई बोललात?

हां, गेला प्रोग्रॅम मशिनीला. आवाज ऐका — फिरली. भाऊ, उपकार झाले. एकच करा, ह्यांनी विचारलं तर तुम्हीबी व्होल्टेजच म्हणा. हसताय काय? — काय? ह्यांनी? सकाळीच फोन केला तुम्हाला? घरात कुणी विचारलं तर व्होल्टेजच सांगा म्हणाले? म्हणजे ह्यांना — अगं बाई. अन् काल जेवताना तिघंबी त्या लाइटवाल्यांना शिव्या घालत होतो. हे तर सगळ्यात जास्त. आबांना वाढत होते अन् शिव्या घालत होते.

कोण? आबा? या ना, आत या. व्हय, नवा झाला चालू, भाऊंनी केला. मागं काय लपवताय? — नारळ? भाऊ, उचला तो डबा, उचला लवकर. नको न्हाई म्हणत, आबा, फोडायचाच. पण दारात फोडू. इथं व्होल्टेजचा लय त्रास हाय.