मढ्याचं काम, एका वाक्यासह

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझं काय बाबा, तुझं काम सोपं!" सोपं? तुम्हाला सांगतो, एकदा पडून बघा. नाटक चालू, समोर सगळं लुआन्शा गाव बसलेलं, अंगावर नाटकातल्या बायकोचं चितेंगे पांघरलेलं, आणि त्या कापडाखाली नाकावर माशी. नाकावर! ती बसते, पाय पुसते, उठते, परत बसते. छाती हलली तर लोक ओरडतात, "अरे, मढं श्वास घेतंय!" म्हणून पोटानं श्वास घ्यायचा, तोही चोरून. इकडे बायको रडून रडून माझ्या पायावर डोकं आपटतेय, आणि मला तळपायाला गुदगुल्या होतात हो! हे कुणाला सांगायचं? आता मेलेल्या माणसानं काय बोलायचं?

मला बोलता येत नाही असं नाही. आत्ता बोलतोय ना तुमच्याशी? पण चार माणसं माझ्याकडे एकदम बघायला लागली की माझी नजर बुटांवर जाते आणि आवाज त्याच वाटेनं खाली जातो. शाळेत असंच झालं. मास्तर म्हणाले, वाच, आणि मी बुटांकडे बघत राहिलो. पुढे शाळाच सुटली, बूटही फाटले, मी मक्याच्या गिरणीवर लागलो. गिरणीत काही बोलावंच लागत नाही, कारण ऐकूच येत नाही. मला फार आवडली ती जागा.

मग मी नाटकात कसा? तेच तर! वसाहतीच्या हॉलमध्ये संध्याकाळी तालमी चालायच्या. मंडळाचं नाव मुतोंडो, म्हणजे रांजण. पीठ घेऊन जाताना मी खिडकीपाशी थांबायचो. आत माणसं भांडतायत, रडतायत, एकमेकांच्या बायका पळवतायत, आणि शेवटी सगळे मिळून गोड तळलेले वितुंबुवा खातायत, एकाच कागदातून! मला वाटलं, आपल्यालाही असं भांडता आलं तर काय मजा येईल.

तर गेलो ऑडिशनला. बाशी चोला म्हणजे आमचे दिग्दर्शक, खाणीच्या कोठारातून निवृत्त झालेले, गळ्यात कायम मफलर, ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा. म्हणाले, "ये बाळ, मध्ये उभा राहा. तुझा बाप तुला घराबाहेर काढतोय. बोल." मी उभा राहिलो. सगळे बघायला लागले. मी बुटांकडे बघितलं... आणि पुढचं मला आठवत नाही. बेशुद्ध पडलो हो! सरळ, आडवा, लाकडासारखा. शुद्धीवर आलो तर बाशी चोला माझ्याभोवती फिरतायत, मफलर उडतोय, "बघा! बघा रे! ह्याला म्हणतात पडणं! हात नाही टेकला, गुडघा नाही वाकवला! आणि चेहरा बघा, आधीच पांढरा!" पांढरा काय, पीठ होतं ते. पण ऐकतो कोण? आता मेलेल्या माणसानं काय बोलायचं?

झालं. तेव्हापासून मी मढं. सरदार मेला, मी. दारुडा मेला, मी. एकदा तर म्हातारी मेली, तरी मी! उघड्यावर प्रयोग असला की कोंबड्या अंगावरून जायच्या, मुंग्या कानात शिरायच्या. पण मजा होती, खरं सांगतो. प्रयोग संपला की आम्ही सगळे सामान डोक्यावर घेऊन चालत परत यायचो, मक्याच्या आंबूस मुनकोयो पेयाचा डबा हातोहात फिरायचा, आणि नाटकात विधवा झालेली बेर्था मला म्हणायची, "कासोंडे, आज तू फार छान मेलास हं." असं कुणी कधी म्हटलंय का तुम्हाला? आता ते मंडळ नाही. त्या हॉलमध्ये गाद्या विकतात. बाशी चोला गावी गेले, तिकडे उत्तरेला कासामाच्या बाजूला. मी कधी त्या रस्त्यानं गेलो तर खिडकीशी अजून थांबतो. आत गाद्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, एकीला टेकून एक. एकाही गादीला नीट पडता येत नाही.

पण आई? आई कधी माझं नाटक बघायला आली नाही. बाजारात बायका तिला सांगायच्या, "बाना सांपा, काल तुझा मुलगा काय सुंदर मेला!" आणि आई टोमॅटोची रास तिथेच सोडून घरी यायची. बाना सांपा म्हणजे सांपाची आई. सांपा माझा थोरला भाऊ. तो तापात गेला, खरोखरचा. पण आमच्याकडे बाईला पहिल्या मुलाचं नाव लागतं ते लागतं, मुलगा राहो न राहो. एकदा मीच म्हणालो, "आई, ये ना एकदा." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एका पोराला पांघरुणाखाली बघितलंय मी. दुसऱ्याला बघायला तिकीट काढून येऊ?"

आता ह्याच्यावर... मेलेल्या माणसानं काय बोलायचं?

म्हणून पुढच्या नाटकाच्या ऑडिशनला मी रांगेत उभा राहिलो. बाशी चोला म्हणाले, "कासोंडे, तू कशाला रांगेत? तुझं ठरलेलंच आहे." मी बुटांना म्हणालो, "ह्या वेळी जिवंत." सगळा हॉल हसला! बेर्था तर खुर्चीवरून घसरली. पण मी हललो नाही. हातात कागद दिला त्यांनी, मी वाचला. बाशी चोला म्हणाले, "ओठ हललेले दिसले. आवाज उद्या येणार आहे का?" परत वाचला. "कासोंडे, पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे रे, तुझ्या शर्टाच्या बटनाला नाही!" सगळे गेले, तरी मी उभाच. "आता काय?" म्हणाले. मग मी सांगितलं आईचं. तुम्हाला सांगतो, बाशी चोलांनी मफलर काढून पुन्हा गुंडाळला, आणि म्हणाले, "ठीक आहे. जिवंत नाही देत. पण उठवतो तुला."

आणि नाटकच बदललं त्यांनी! नवरा मेला असं सगळ्यांना वाटतं, नातेवाईक येतात, विधवेसमोर सायकल ओढ, रेडिओ उचल, घराचे पत्रे मोज, आणि नवरा कापडाखालून हे सगळं ऐकतो. बायको तिसऱ्यांदा हंबरडा फोडते तेव्हा तो उठून बसतो आणि म्हणतो, "रडू नका. मी अजून इथंच आहे." एवढंच! एक वाक्य! पण माझं! मी ते गिरणीत म्हटलं, विहिरीवर म्हटलं, गिऱ्हाइकाच्या पोत्याला म्हटलं. एक म्हातारी पीठ टाकून पळाली.

आईला सांगितलं. "नक्की उठणार?"

"उठणार."

"मध्येच विसरलास तर?"

"उठायचं कसं विसरेन, आई?"

"तुझं काही सांगता येत नाही," म्हणाली, पण रविवारी चर्चनंतर चर्चचाच पांढरा ब्लाउज घालून आली, पहिल्या रांगेत बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून, जणू बस सुटणार आहे.

नाटक सुरू. मी पडलो. काय पडलो! नातेवाईक आले, सायकलवरून भांडले, हॉल चवताळला. लोक ओरडतायत, "ठेव ती सायकल, चोरा!" बेर्थाचा एक हंबरडा झाला. दुसरा झाला. मी कापडाखाली पोटात श्वास भरतोय, वाक्य जिभेवर आलंय... आणि तेवढ्यात मागून आवाज आला. "थांबा! घरात मयत झालं आणि आम्हा न्गोनींना बोलावणं नाही?"

जेरेआत्या! मेलो. आता हे तुम्हाला माहीतच आहे, आम्ही बेंबा जमातीचे आणि ते न्गोनी. एके काळी एकमेकांना भाल्यानं मारलं, तेव्हापासून तोंडानं मारतो. ते आम्हाला माकडखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना उंदीरखाऊ, आणि आमच्या मयताला त्यांनी येऊन थट्टा करायचीच, मढ्याचीसुद्धा, आणि आम्ही रागवायचं नाही. काहीतरी दिल्याशिवाय ते मढं उचलू देत नाहीत. हक्कच आहे त्यांचा. पण तो खऱ्या मयताला! जेरेआत्या, वाळलेली मासळी विकणारी, अंगानं भरलेली, नात्याची नाही, सगळ्या गावाची आत्या, ती सरळ रंगमंचावर चढली. आता तिला खाली कोण उतरवणार? बाशी चोला स्वतः बेंबा!

"बघा, बघा ह्याला!" तिनं माझ्या तोंडावरचं कापड काढलं. "जन्मभर गिरणीतलं पीठ चोरलं, आणि जाताना तोंडाला फासून निघाला! अरे माकडा, वर तुला न्शिमा शिजवून कोण देणार?" हॉल कोसळला हसून. मी दात चावून पडलेलो. "आणि माझी कुदळ? कुदळ घेऊन गेलास माझी, ती कोण देणार, हा?" कधी नेली मी कुदळ! पण मेलेल्या माणसानं काय बोलायचं?

इकडे बेर्थानं तिसरा हंबरडा फोडला. फोडावाच लागला, बिचारीनं धरून ठेवला होता. मी उठायला गेलो, तर जेरेआत्यानं कपाळावर हात ठेवून दाबलं. "झोप! मेल्यावर तरी मोठ्यांचं ऐक!" परत उठलो, तर ती माझ्या पोटावर बसली. बसली हो! आता पोटानं श्वास घ्यायचीही सोय गेली. बेर्था म्हणाली, "आत्या, हे घ्या पीठ, सोडा ह्यांना." आत्यानं भांड्यात बघितलं. "रिकामं! नाटकातलं पीठ नाटकातल्या उंदरांना घाला. ह्या घरात ह्याचं खरं माणूस कोणी आहे का नाही?"

आणि पहिल्या रांगेत आई उठली.

तुम्हाला सांगतो, हॉल असा गप्प झाला की मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू आला. कारण सगळ्यांना माहीत होतं. सांपाच्या वेळीही हीच जेरेआत्या आली होती, खड्ड्यात उतरून आडवी झाली होती, "आधी मला पुरा, हे माकड माझी जागा खातंय" म्हणत, आणि त्या अख्ख्या दिवसात आई तेवढी एकदाच हसली होती. मग आपली नवी चादर आईनं तिला दिली, तेव्हा कुठे सांपाला नेता आलं.

"जेरे, ऊठ त्याच्यावरून," आई म्हणाली.

"काय देतेस?"

"ठिपक्यांची कोंबडी देते."

"अंड्यावरची?"

"अंड्यावरची." आई पिशवी सांभाळत पायऱ्या चढत होती. "मागच्या वेळी दिलं ते घेऊन जाऊ द्यायला दिलं. आज देते ते परत घ्यायला. ऊठ."

जेरेआत्या काही बोलली नाही. न्गोनी आणि गप्प! मग उठली, माझ्या गालावर हलकीशी चापट मारली. "ऊठ रे माकडा. सुटलास."

मी उठून बसलो. अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझी नजर बुटांवर गेली नाही! बूटच नव्हते, मढ्याला कुठले बूट? मी छाती भरली, तोंड उघडलं... आणि आईनं माझं मनगट धरलं, आणि चालायला लागली. खाली उतरून, खुर्च्यांच्या मधून, दाराबाहेर! लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, बायका जीभ हलवून किलकाऱ्या मारतायत, मागे बाशी चोला ओरडतायत, "कासोंडे! वाक्य! वाक्य राहिलं!" आणि रंगमंचावर बेर्था, चार चोर नातेवाईक आणि एक सायकल. मढंच नाही! पुढचं नाटक त्यांनी काय केलं कोण जाणे.

रस्त्यात म्हणालो, "आई, माझं वाक्य होतं."

"घरी बोल."

घरी आलो तर जेरेआत्या टोपली घेऊन आमच्याही आधी हजर. कोंबडी गेली, ओरडत गेली. आई मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटायला बसली, आणि म्हणाली, "हं, बोल आता."

"इथे?"

"मग? अजून कुणाला बोलवू?"

मी दारापाशी उभा राहिलो, सरळ. म्हणालो, "रडू नका. मी अजून इथंच आहे." आणि आला हो आवाज! शेजारचं कुत्रं भुंकलं.

आईचा हात थांबला. "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी माझी अंड्यावरची कोंबडी गेली?"

ती पुन्हा घोटायला लागली. बराच वेळ घोटत राहिली. धूर फार होता त्या दिवशी, चितेंगेच्या टोकानं डोळे पुसले तिनं. मग म्हणाली, "परत म्हण."

तेव्हापासून रोज. रोज जेवणाआधी दारापाशी उभं राहून मला ते म्हणावं लागतं, नाहीतर ताट पुढे येत नाही. मंडळ बुडालं, हॉल गेला, पण माझं नाटक चालूच आहे, साहेब. प्रेक्षक एक, तोही पाठमोरा, टाळी नाही, आणि प्रयोग संपला की भांडी नायकानंच घासायची.