लाकडी सुरी

तुमी हसताल, पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या कराटेची अशी परीक्षा घेतली की काय सांगू! ताडकळसला बायांसाठी क्लास सुरू झाला. महिनाभर मी बिनबोभाट गेले. एक दिवस त्यांनी दारातच अडवलं. "रोज काय शिकायलीस तिथं? करून दाखीव, मगच जा."

मी पिशवीतली सरावाची लाकडी सुरी काढून त्यांच्यापुढं धरली. "घ्या, अन् या माझ्या अंगावर."

त्यांनी हातच मागं घेतले. "खाली ठीव. सुरी हातातून हातात घेऊ न्हाई, भांडण होतंय."

"आत्याबाई, लाकडाची हाय."

"सुरी ती सुरी."

ठेवली खाली. त्यांनी उचलली, पदर खोचला अन् आल्या की धावून! मी बाजूला सरले, मनगट धरून पिळलं, सुरी माझ्या हातात. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

आत्याबाई मनगट चोळत म्हणाल्या, "आगं, हातातूनच घेतलीस की परत!"

"अहो, अंगावर येणारा गडी सुरी घेऊन आलाय म्हणजे भांडण आधीच सुरू हाय ना!"

त्यांनी जरा विचार केला, दारातून बाजूला झाल्या अन् म्हणाल्या, "मग वाढवायचं कशाला? त्याला म्हणावं, आदी खाली ठीव."